मोहनचे बिनवायरचे दिवे

ब्रिस्टलहून मेडनहेडला येताना शांताबाईंनी गाडीत मनातल्या मनात मुलाच्या, मोहनच्या नव्या घराची तीनदा उजळणी केली. ऑगस्टमध्ये त्या वैजयंतीबरोबर येऊन घर बघून गेल्या होत्या, तेव्हा कडूबा तापाने झोपून होते. दारात एक पायरी चढायची. आत शिरल्यावर उजव्या हाताला कोट टांगायचे हूक. तिथून नऊ पावलांवर बैठकीची खोली, आणि तिच्या उंबऱ्याशी गालिच्याची कड जरा वर आलेली. टॉयलेट जिन्याखाली, दार बाहेर उघडणारं.

"अहो, ऐकलंत का," त्या सहज सुचल्यासारखं म्हणाल्या, "मोहनच्या दारात एक पायरी आहे बरं का. मागच्या वेळी मी ठेचकाळले."

"माणसानं बघून चालावं," कडूबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

"तेच ना. माझंच लक्ष नव्हतं."

गाडी चालवणाऱ्या वैजयंतीने आरशातून आईकडे पाहिलं. आई ठेचकाळलेली तिला काही आठवेना. पण मोटरवेवर पाऊस होता, पुढे एक लॉरी पाणी उडवत चालली होती, आणि तिने ते तिथेच सोडून दिलं.

शांताबाईंना हे दोन वर्षांपासून माहीत होतं. कडूबा डोळ्यांच्या हॉस्पिटलात एकटे बसने जात. थेंब कसले, तर म्हणे डोळे कोरडे पडतात. गाडी विकली, कारण पार्किंगची कटकट. सगळ्याला कारण तयार होतं, आणि कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या फिटरची कारणंही अशी की फट सापडू नये. मग एकदा कोट धुवायला घेतला तर खिशात हॉस्पिटलचं पत्रक निघालं. शांताबाई ते घेऊन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेल्या. त्याने काउंटर सोडून बाहेर येऊन हळू आवाजात समजावलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी थेंबांनी सांभाळायची. घरी येऊन त्यांनी पत्रक होतं तसं घडी घालून खिशात ठेवलं. कोट त्या महिन्यात धुतलाच नाही.

बोलल्या का नाहीत? कारण रोज संध्याकाळी कडूबा वाचायचे. लग्न झालं तेव्हा शांताबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं. कडूबांनी पाटीवर शिकवलं, आणि त्याच वर्षापासून संध्याकाळी ते मोठ्याने वाचणार आणि त्या भाजी निवडत ऐकणार असा घरचा रिवाज पडला. मुंबईहून टपालाने येणारं साप्ताहिक आठवडाभर शिळं असायचं, पण वाचन चुकलं नाही. आता कडूबा तसाच अंक हातात धरत. सकाळी रेडिओवर ऐकलेलं थोडं, बाकीचं पदरचं. एकदा अंक उलटा होता. शांताबाई "असं होय? मग पुढे?" म्हणत राहिल्या. कारखान्यात पाठ दुखावल्यावर साहेबाने दया येऊन बसून करायचं काम दिलं, तेव्हा या माणसाने दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहिला होता. हिला कळलंय हे कळलं, तर अंक पुन्हा हातात घेणार नाही. संध्याकाळी दोघं दोन खुर्च्यांवर गप्प बसतील. शांताबाईंना त्या दोन खुर्च्यांची भीती वाटायची, आंधळेपणाची इतकी नाही.

आजचा एक दिवस परक्या घरात निभावला की झालं, असं मनाशी म्हणत त्या गाडीतून उतरल्या आणि उतरताना कडूबांचा दंड धरला. "माझा गुडघा," त्या म्हणाल्या. सोळा महिने त्यांचा गुडघा दुखत होता. डॉक्टरांना त्यात काही सापडलं नव्हतं.

*

घरभरणीची सकाळची वंदना झाली. बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, कडूबांनी त्रिशरण, पंचशील खणखणीत आवाजात सांगितलं. वेम्बलीहून आलेले पाहुणे पोटभर जेवून, "जय भीम, घर फार छान" करून गेले. मागे घरचेच उरले आणि रश्मी भांड्यांच्या ढिगासमोर उभी राहिली.

सून म्हणून ती या घरात अठरा वर्षं होती आणि नवऱ्याला पुरती ओळखून होती. मोहन मेडनहेडजवळच्या एका कॉम्प्युटर कंपनीत होता. ऑफिसात त्याचं डोकं शांत चाले. सगळी हौस घरी उतू जायची. मागे घरातली घंटा सुरांत वाजत होती. आता दिवे. पोस्टाने पेटी मागवली होती. भिंतीच्या सॉकेटमध्ये एक पांढरा ठोकळा बसवायचा, त्यात दिव्याचा प्लग, आणि हातात कॅल्क्युलेटरएवढा रिमोट. मध्ये वायर नाही.

"चालतात का गं, वहिनी?" वैजयंतीने ताट पुसत विचारलं.

"दहातले सात वेळा. मध्ये जाड भिंत आली की त्याचा मूड जातो. फ्रिज सुरू झाला की पण. सप्टेंबरमध्ये काय झालं माहितीये? पहाटे पाचला बेडरूममधला दिवा आपोआप चालू. तीन दिवस. मीनल म्हणाली घोस्ट आहे."

"आबांना सांगितलं असतंस तर त्यांनी भुताला दोन तास लेक्चर दिलं असतं."

"भूत कसलं, शेजारचा पीटर. त्याने पण तीच पेटी मागवली. दोघांनी कंपनीने दिलेला कोड बदललाच नव्हता. तो पहाटे शिफ्टला उठून बटण दाबायचा आणि आम्ही जागे."

वैजयंती इतकी हसली की ताट ठेवावं लागलं. रश्मीही हसली. "तुझा भाऊ घरात नसला की मी सरळ भिंतीवरचं बटण दाबते. त्याला सांगू नकोस."

"दादाने हे सगळं आबा-आईंसाठी केलंय ना?"

"खालची खोली तेवढ्यासाठीच. आज विचारणारे तो. रात्रभर पाठ करत होता." रश्मीने नळ बंद केला. "तू काय म्हणशील?"

वैजयंतीला वाटलं होतं आपण विरोध करू. ब्रिस्टलचं घर आबांनी स्वतः विटा घासून, रंग देऊन उभं केलं होतं. पण दर शनिवारची शॉपिंग, दर महिन्याची बँक, बॉयलर बिघडला की वैजू, कौन्सिलचं पत्र आलं की वैजू, हे अकरा वर्षं चाललं होतं. सॉलिसिटरच्या ऑफिसात ती दिवसभर दुसऱ्यांची भांडणं मिटवायची आणि घरी आली की फोन वाजायचा. तिला लाज वाटली, तरी ती खरंच बोलली.

"मी दादाच्या बाजूने आहे, वहिनी. मी दमले."

तेवढ्यात शांताबाई बैठकीच्या खोलीतले कप गोळा करत होत्या. कोपऱ्यातला टेबललॅम्प भरदिवसा जळत होता. दिवसा दिवा जळताना बघणं त्यांच्याच्याने व्हायचं नाही. त्यांनी छत्रीखाली हात घालून लॅम्पचं बारीक बटण दाबलं, दिवा मालवला आणि कप घेऊन पुढे झाल्या.

*

नोव्हेंबरमधला चारचा सुमार. बाहेर अंधारायला लागलं होतं. कडूबा मोठ्या खुर्चीत ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. मीनल, मोहनची पंधरा वर्षांची मुलगी, त्यांच्या पायाशी गालिच्यावर पसरली होती.

"आबा, तुमचा स्टोरी सांगा ना. तो फॅक्टरीचा."

"तो नाही, ती. ती गोष्ट."

"ती फॅक्टरी?"

"ती गोष्ट, तो कारखाना," कडूबा म्हणाले. "तुझ्या बापानं तुला कॉम्प्युटर शिकवला, मराठी राहिली."

मोहनने संधी साधली. "म्हणूनच म्हणतो आबा, इथे या राहायला. मीनलला तुम्ही शिकवा. खालची खोली तुमची. जिना नाही, बाथरूम शेजारी. ब्रिस्टलला त्या उभ्या जिन्यावर आईचा गुडघा..."

"माझ्या गुडघ्याला काय झालंय?" शांताबाई चटकन म्हणाल्या, आणि लगेच सावरल्या. "म्हणजे आहे तसा आहे."

"दादा बरोबर बोलतोय, आई," वैजयंती म्हणाली.

शांताबाईंनी लेकीकडे बघितलं. ही आपल्या बाजूची, असं त्या धरून चालल्या होत्या. वैजयंती चहाच्या टेबलाकडे बघत राहिली.

"दोघांनी ठरवून आलात वाटतं," कडूबा शांतपणे म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमचं घर चांगलं आहे रे मोहन. पण ब्रिस्टलचं घर मला पाठ आहे."

"हेही पाठ होईल."

"या वयात पाठांतर होत नाही."

शांताबाईंना विषय तिथेच तोडायचा होता. त्या उठल्या. "मी जरा चहाचं बघते," म्हणत त्या दारापर्यंत गेल्या. रश्मीने त्यांना दारातच हाताने थांबवलं, आधण ठेवलंय अशी खूण केली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. गालिचा जाड होता; पावलं वाजली नाहीत.

"बरं, राहू द्या ते," मोहन म्हणाला. "आधी एक बघा तरी. मग ठरवा. मीनल, पडदे ओढ. मोठा दिवा बंद कर. पॅसेजचा पण."

खोली काळोखी झाली. पडद्याच्या कडेने रस्त्यावरच्या दिव्याची एक पिवळी रेघ तेवढी होती.

मोहन त्रेचाळीसचा झाला, तरी आबांकडून शाबासकी त्याला आयुष्यात दोनदाच मिळाली होती, आणि त्यातली एक वैजयंतीच्या निकालाची होती, चुकून त्याच्या वाट्याला आलेली. रिमोट हातात घेताना त्याने बॅटरीचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं. सकाळी त्याने बावीस वेळा तपासलं होतं. बावीसच्या बावीस वेळा दिवा लागला होता. मघाशी त्याने सगळे ठोकळे रिमोटनेच बंद करून ठेवले होते.

"आबा, मी इथे बसूनच लावतो. उठायचं नाही, भिंत चाचपायची नाही. तुम्हाला खुर्चीतून सगळं घर चालवता येईल. बघा हं."

त्याने बटण दाबलं. कोपऱ्यातून स्पष्ट आवाज आला. टक्.

"वा!" कडूबा म्हणाले. "केवढा उजेड पडला रे!"

मोहनचा हात रिमोटवर तसाच राहिला.

"झकास काम केलंस मोहन. वायर नाही, काही नाही. आमच्या कारखान्यातल्या इंजिनियरांना जमलं नसतं." कडूबांचं तोंड बरोब्बर कोपऱ्याकडे होतं, जिथून आवाज आला होता. "आणि उजेड कसा मऊ आहे. डोळ्यांना त्रास नाही. तो मागचा फोटोसुद्धा दिसतोय की."

खोलीत काळोख तसाच होता.

मोहनला आधी आनंद झाला होता. तो आनंद खरा होता, छातीपर्यंत आलेला, आणि मग तो तिथेच अडकला. आबा थट्टा करताहेत असं त्याने क्षणभर धरून बघितलं. आबा थट्टा करत नसत. मग त्याला एकेक आठवू लागलं: विकलेली गाडी. वाढदिवसाच्या कार्डावरची, ओळ सोडून खाली घसरलेली सही. सकाळी वंदनेला आईने मेणबत्ती आबांच्या हातात देऊन वर आपला हात ठेवलेला.

"बट आबा..." मीनल म्हणाली. वैजयंतीने अंधारात तिचा खांदा शोधून दाबला.

कुणी काही बोलेना. गप्प बसण्याचेही प्रकार असतात, आणि मोठ्या यंत्रांच्या आवाजात जन्म काढलेल्या कडूबांना ते सगळे ऐकू येत. त्यांचं कौतुक थांबलं.

"लागला नाही का रे?"

"लागला" म्हणणं सोपं होतं. मोहनने तोंड उघडलंही. पण ज्या माणसाने त्याला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल दोन दिवस अबोला दाखवला होता, त्याच्याशी आता अंधारात खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"नाही, आबा."

"आवाज तर झाला."

"आवाज झाला. दिवा नाही लागला."

कडूबांनी हात गुडघ्यांवरून उचलले आणि पुन्हा तिथेच ठेवले. "म्हणजे तुझं यंत्र खोटं बोललं," ते म्हणाले, आणि जरा हसले. "त्याच्यामागोमाग मीही."

"कधीपासून आबा?" वैजयंतीने नाक ओढत विचारलं. "मी दर शनिवारी येते. दर शनिवारी!"

"तीन वर्षं होतील. उन्हात खिडकीपाशी थोडं दिसतं. संध्याकाळ झाली की दुकान बंद. औषध चालू आहे, हॉस्पिटलात जातो, हयगय करत नाही. रडू नकोस वैजू. तुझी चूक नाही. मी लपवण्यात हुशार आहे."

"आम्हाला सांगायचं तरी," मोहन म्हणाला.

"सांगितलं असतं. पण तुम्हाला सांगितलं की तुमच्या आईला कळणार." कडूबा पुढे झुकले, आवाज खाली आणला. "ती आत चहा करतेय ना? ऐका मग, ती यायच्या आत. तिला यातलं काही सांगायचं नाही."

दाराजवळच्या स्टुलावर शांताबाईंनी हात तोंडावर नेला.

"तिला काही माहीत नाही. संध्याकाळी मी अंक घेऊन बसतो, ती भाजी निवडत ऐकते. पंचेचाळीस वर्षं झाली. वाचता येत नाही कधीचं, मी मनानंच सांगतो. पण ती काय मन लावून ऐकते! मध्येच विचारते, मग पुढे? एकदा मी एका गावात धरण बांधून टाकलं. तिनं दोन दिवस त्या धरणाची चौकशी केली." ते पुन्हा हसले, पण या वेळी हसू पुरतं झालं नाही. "तिला कळलं तर ती ऐकायची थांबेल. मला वाईट वाटू नये म्हणून ऐकेल, पण ते ऐकणं नव्हे. माझं डोळ्यांवाचून चालतं. तिच्या त्या ऐकण्यावाचून नाही चालायचं. कबूल करा."

 आई कुठे बसली आहे हे त्या खोलीत एकट्या आबांनाच ठाऊक नव्हतं. पडद्याच्या पिवळ्या रेघेत वैजयंतीला आईच्या साडीचा काठ दिसत होता. आईने तोंडावर हात धरला होता. अंधारात आईची मान हलली: कबूल करा.

"कबूल, आबा," वैजयंती म्हणाली.

"कबूल," मोहन म्हणाला.

"मीनल?"

"प्रॉमिस, आबा. मी नाही सांगणार आजीला." ती रडत होती, पण आवाज न करता.

शांताबाई उठल्या. सपाता काढून हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडल्या. रश्मी स्वयंपाकघरात त्यांच्या मागोमाग आली. शांताबाईंनी सिंकच्या कडेला दोन्ही हात टेकले. रश्मीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

"धरणाचं मला तेव्हाच कळलं होतं," शांताबाई म्हणाल्या. "त्या गावाला नदीच नाही."

त्यांनी गार पाणी तोंडावर मारलं, पदराने पुसलं आणि कपाट उघडून कप जरा जास्तच वाजवत मांडले.

इकडे मोहन कोपऱ्यापर्यंत चाचपडत गेला. छत्रीखाली बोटं घातली तर लॅम्पचं बटण बंद होतं. यंत्राने आपलं काम केलं होतं. कुणी बंद केलं हे त्याला विचारायचंही नव्हतं. त्याने बटण दाबलं आणि पिवळा उजेड पडला.

"आता लागला, आबा," तो म्हणाला.

"असू दे."

"खालच्या खोलीचं मी पुन्हा काढणार नाही. तुमचं घर तुम्हाला पाठ आहे, तिथेच राहा."

"आणि मी काय म्हणाले ते सोडा," वैजयंती म्हणाली. ती वडिलांच्या खुर्चीच्या हाताला टेकून बसली होती. "मी दहा मिनिटांवर आहे. शनिवार माझाच."

"अहो, चहा आणलाय बरं का," शांताबाईंनी पॅसेजमधूनच आवाज दिला. सपाता फटफट वाजवत त्या आत आल्या. ट्रे ठेवला, कडूबांच्या शेजारी बसल्या, आणि कप त्यांच्या हातात, कान बोटात येईल असा दिला. "गरम आहे हं."

कडूबांनी एक घोट घेतला. बाकीच्यांनी आपापले कप उचलले. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

"तू आत होतीस," कडूबा म्हणाले. "मोहनचे दिवे बघायचे राहिले तुझे. झकास आहेत."

"आता मला त्या यंत्रातलं काय कळतंय," शांताबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली. "तुम्हीच सांगा ना, कसे दिसतात."

कडूबांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. आधी त्या कोपऱ्यातला दिवा लागला, मग पॅसेजमधला, मग जिन्यावरचे एकापाठोपाठ एक, असं ते सांगत गेले. मोहनच्या जिन्यावर दिवे नव्हतेच.

"असं होय?" शांताबाई म्हणाल्या. "मग पुढे?"